अकरा नंबरचा ड्रम

रविवार, २९ मार्च

चर्चच्या पाळकांनी आज मला गाठलंच. गुड फ्रायडेला दुपारच्या उपासनेत वल्हांडणावर मी बोलायचं — दहा मिनिटं. "तुम्ही हॉस्पिटलातल्या, तुम्हाला रक्ताबिक्ताचं काय वाटणार!" आमच्याकडे धुऊन आलेले कपडे येतात, रक्त नाही. पण पाळकांपुढे कोण डोकं फोडणार? हो म्हटलं.

ताई नेहमीसारखी मागच्या बाकावर, त्या काठीवाल्या बाईशेजारी. मी पुढच्या. निघताना काठीवालीने दारात माझा हात धरला आणि हसली. दर रविवारी हसते. ओळख ना पाळख, एवढं हसायला काय झालं?

माझी चिमी "मावशी" करत ताईकडे धावली. ताई आधी नळावर जाऊन हात धुऊन आली, मगच तिला जवळ घेतलं. आठ वर्षं हे नाटक चाललंय. मी तिकडे बघत नाही.

सोमवार, ३० मार्च

सुचलं! आमची टेपच हातात घेऊन उभं राहायचं.

रोज आम्ही ऑपरेशनचे कपडे घड्या करून ड्रममध्ये भरतो, झाकणावर टेप लावतो, टेपवर तारीख आणि आपला नंबर लिहितो, आणि ड्रम वाफेच्या यंत्रात ढकलतो. टेपवर फिक्या तिरक्या रेघा असतात. वाफ लागली की त्या काळ्या होतात. थिएटरमधली नर्स झाकण उघडून आत डोकावत नाही, फक्त रेघा बघते. काळ्या — घेतला. फिक्या — कच्चा ड्रम, परत.

वल्हांडणाच्या रात्री मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, तसंच झालं. मृत्यू दारोदार फिरला. घरात कोण गुणाचं, कोण अवगुणाचं, काही विचारलं नाही. चौकटीला कोकराचं रक्त दिसलं की दार ओलांडून पुढे. नाही दिसलं तिथे थोरलं मूल गेलं. आणि मग म्हणायचं — ख्रिस्त तेच कोकरू. आपल्या वाटचं मरण त्याने घेतलं. छान बसतंय.

चुकीचं उदाहरणही घरचंच देणार. ताईचं. नाव घेणार नाही, मी काही तेवढी दुष्ट नाही. तीही तेव्हा आमच्याच खात्यात होती. आठ वर्षांपूर्वी मी बाळंतपणाच्या रजेवर गेले त्याच आठवड्यात तिने जुनी काळी टेप न सोलताच ड्रम भरला. काळ्या रेघा बघून पोऱ्या तो उचलून थिएटरला देऊन आला. कच्चा ड्रम! एका शिवणकाम करणाऱ्या बाईची जखम चिघळली. ताईची नोकरी गेली. रजेवरून परतले तर माझ्याकडे सगळे असे बघत की मीच काही केलंय. तेव्हापासून प्रत्येक टेप दोनदा बघते. सोळा वर्षांत माझा एक ड्रम कच्चा गेलेला नाही. हेही सांगायला हरकत नाही.

मंगळवार, ३१ मार्च

जुन्या नोंदवह्या रद्दीत जाणार म्हणून मेट्रनबाईंनी मला गठ्ठे बांधायला बसवलं. बरंच झालं, म्हटलं भाषणासाठी ताईच्या चुकीची नेमकी तारीख काढून घेऊ.

सापडलं पान. ड्रम नंबर अकरा. भरणारीची सही —

माझी सही.

बुधवार, १ एप्रिल

शंभरदा बघितलं. पान फाडून पर्समध्ये ठेवलंय. सरकारी वहीचं पान फाडलं — मी! सहीशेजारच्या नंबरातल्या सात आकड्याला अशी मधे आडवी रेघ माझ्याशिवाय खात्यात कोणी देत नाही. हजेरीच्या रकान्यात ताईपुढे 'सुट्टी'. ती त्या दिवशी कामावर नव्हतीच.

आता आठवतंय. आठवा महिना, कंबर मोडून आलेली, रजेच्या आधीचा शेवटचा दिवस. ड्रम थिएटरमधून रिकामा होऊन आला होता, वर आदल्या दिवशीची टेप तशीच, ताईच्या नंबरची. मी कपडे भरले. झाकण लावलं. टेप सोलायची राहिली. कुणीतरी म्हणालं, "बस जरा." मी बसले. नंतर घरी गेले. बस, एवढंच.

चौकशीत टेप ताईची निघाली. ताई म्हणाली, हो, मीच भरला, आदल्या संध्याकाळी. कबूल केल्यावर वही कोण उघडतंय!

आज चार ड्रम भरले आणि चारही टेपा सोलून परत लावल्या. जेवण गेलं नाही. कुणी काही विचारलं की दचकायला होतं. सारखं एकच आठवतं. ताई बाळाला बघायला आली होती, हातात स्वतः विणलेलं टोपडं. मी म्हटलं, "आधी हात धू. तुझ्या हातांचा भरवसा नाही." सगळ्यांसमोर. ती गेली आणि धुऊन आली. अजून धुते.

नाटक म्हणत होते मी त्याला.

गुरुवार, २ एप्रिल

अर्धी सुट्टी टाकून ताईच्या खोलीवर गेले. आठ वर्षांत दुसऱ्यांदा. पान समोर ठेवलं. तिने चष्मा शोधला, वाचलं, घडी घालून परत दिलं.

"बरी जपून ठेवतात की वह्या," म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"अगं, ड्रम मी भरला नव्हता एवढं तर मला माहीत असणारच ना? आणि माझ्या सुट्टीत माझे ड्रम तूच भरायचीस."

मला संताप आला. खरंच आला! रडू यायला हवं होतं, तर संताप. "मला विचारलं होतंस? मी मागितलं होतं?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. पोट हे एवढं, नोकरी अजून कायम नाही, नवऱ्याचं काम नुकतंच सुटलेलं. माझ्यामागे कोण होतं? मी एकटा जीव सदाशिव."

"आणि मी तुला काय काय बोलले!"

"बोललीस खरी. तुझी जीभ लहानपणापासून तिखट. नवीन काय त्यात?"

मी म्हटलं, मेट्रनला सांगणार, नोकरी सोडणार, सगळं परत करणार. त्यावर पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला. "खरं सांगायचं तर सांग. मी अडवणार नाही. पण दिलेलं परत करू नकोस. माझी आठ वर्षं पाण्यात जातील." मग उठली आणि चहा टाकला. तो घेतला आणि निघाले.

नोकरी गेल्यावर ती कुठेतरी शिवणकाम करते एवढंच मला माहीत. कुठे, ते मी कधी विचारलं नाही. आजही विचारायचं राहिलं.

शुक्रवार, ३ एप्रिल

भाषण फसलं. दहा मिनिटांचं चार मिनिटांत संपलं.

टेप हातात घेऊन उभी राहिले. मृत्यू दारावरून पुढे गेला इथपर्यंत नीट. मग डोक्यात आलं — आत त्या घरातलं थोरलं मूल बसलं असेल ना? बाहेरचा आक्रोश ऐकत? ताटात तेच कोकरू, जे त्याच्याऐवजी मेलं. त्याला घास गेला असेल? हे मी मोठ्याने बोलले. पाळकांनी मान वर करून पाहिलं, कारण कागदावर हे नव्हतं. वीस वर्षं मी 'त्याने आपली जागा घेतली' असं पाठ म्हणून दाखवतेय, पत्ता सांगावा तसं. जागा घेतली म्हणजे तिथे मी होते. क्रुसावर, खिळ्यांच्या जागी. आणि आमच्या घरात तर उलटंच — थोरली गेली, धाकटी वाचली.

"दाराच्या आत मी बसलेली आहे," एवढंच म्हटलं आणि खाली बसले. पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं. मागे कुणीतरी हुंदके देत होतं. ताई असेल म्हणून वळून पाहिलं. ताई नव्हती, काठीवाली होती.

शनिवार, ४ एप्रिल

मेट्रनबाईंच्या टेबलावर पान ठेवलं. फाडलं हेही सांगितलं. त्यांनी ते वाचलं. वाटलं, आता फोन उचलतील.

"मीही वही उघडली नाही," म्हणाल्या. "तुझ्या ताईने कबूल केलं, मला सोपं पडलं. सोमवारी वर कळवावं लागेल. तुझं काय होईल ते मला सांगता येत नाही."

मी म्हटलं, होऊ दे.

"पण माझ्याकडे कसली माफी मागतेस? जिचा पाय आखडला तिच्याकडे जा." जुन्या फायलीतून पत्ता उतरवून दिला. पत्ता बघून थक्क झाले. उपासनामंदिराच्या मागची गल्ली. आठ वर्षं मी तिच्या इतक्या जवळून जातेय!

पाय. मला तर जखम कुठे होती तेही माहीत नव्हतं.

रविवार, ५ एप्रिल. पुनरुत्थानाचा दिवस

उपासनेआधीच गेले. दार काठीवालीने उघडलं.

मागे शिवणयंत्र, त्यावर ताईचा चष्मा. पॅडल मारायला हिचा पाय उरला नाही, आठ वर्षं ताईचा चालतोय. मला वाटेत पाठ केलेलं एक वाक्यही आठवेना.

"आलीस?" ती म्हणाली. "तुझ्या ताईने पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं मला. ये आत."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. आधी धुवावा असं वाटलं. तिने तो तसाच धरला.