सोमवारचा जबाब

आये,

तू जाऊन चौतीस वर्षं झाली, पण मी तुला कधी एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे तुझ्याशी जे बोलायचं ते मी मनातच बोलत आले, भाकऱ्या थापताना, नाहीतर पेणहून रोह्याला जाताना गाडी कासूला थांबली की. आज कागद घेऊन बसले आहे, कारण उद्या सकाळी मला कंपनीच्या चौकशीत लेखी जबाब द्यायचा आहे आणि त्यात काय लिहावं हे मला सुचत नाही. तू मला शेवटचं पाहिलंस ते नर्सिंग शिकत असताना. आता मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीच्या दवाखान्यात सिस्टर आहे. केस पिकले, चष्मा लागला. लोक मला म्याडम म्हणतात, आणि तुला हसू येईल, पण मला ते आवडतं.

कंपनीत उंचीवर चढून काम करायचं असेल तर त्या माणसाला आधी माझ्याकडे यावं लागतं. मी रक्तदाब बघते, सकाळी काही खाल्लं का विचारते, उपवास आहे का विचारते आणि परवान्यावर सही करते. उपवास असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण ठेकेदाराच्या माणसाला खाली दुसरं काम नसतं, त्याला सरळ घरी पाठवतात आणि खाडा पडतो. म्हणून श्रावणात माझ्यासमोर सगळे पोटभर खाऊन आलेले असतात. श्रावणी सोमवारी तर पोहे, चपात्या, उसळी यांची इतकी नावं ऐकते की एखाद्याला वाटावं रोह्यात घरोघरी लग्न आहे. मागच्या सोमवारी असाच एक वेल्डर आला. पस्तिशीचा, गागोद्याकडचा, घरी थोडी भातशेती, शाळेत जाणाऱ्या दोन मुली. मी विचारलं, "खाल्लंस?" तो म्हणाला, "व्हय म्याडम, खाऊन आलोय." काय खाल्लंस म्हटल्यावर "चपाती" पटकन म्हणाला आणि भाजी कुठली ते आठवायला त्याला वेळ लागला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "नको, आताच प्यालोय," म्हणाला. ओठ सुकून पांढरे पडले होते. दंडाला पट्टा बांधायला वाकले तेव्हा त्याच्या तोंडाचा वास आला, रिकाम्या पोटाचा, आंबूस. तो वास मी कुठेही ओळखीन. तुझे शब्द माझ्या कानात वाजले आणि मी 'उपवास नाही' या चौकटीत खूण करून सही केली. बाराच्या सुमाराला तो खाली उतरायला निघाला. कमरेच्या सेफ्टी बेल्टचा हूक काढला आणि शिडीवरच त्याला चक्कर आली. मांडीचं हाड मोडलं, उजव्या मनगटाचा चुरा झाला. जीव वाचला, एवढंच.

तुला आठवतं ना, मी कुठल्या शब्दांबद्दल बोलते आहे ते? मी तान्ही असताना तापाने हातची गेलेच होते म्हणे, तेव्हापासून तू सोमवार धरलास. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, दिवेलागणीनंतर चार घास. आणि सोमवारीही तू धरमतरच्या खाडीवरच्या मिठागरात जायचीस, कारण हंगामात घरी बसून कसं चालेल? माघ-फाल्गुनातलं ऊन, खालून खारं पाणी, डोक्यावर ओल्या मिठाची पाटी. एकदा एक उपाशी बाई पाटीसकट बांधावर कोसळली, तेव्हापासून मुकादम उपासाच्या बाईला बांधावर चढू देत नव्हता. म्हणून तू सोमवारीही फडक्यात भाकरी बांधून न्यायचीस, इतर बायांसारखी. दुपारी सगळ्या जेवायला बसल्या की तू झाडाआड जाऊन बसायचीस आणि संध्याकाळी ती भाकरी तशीच परत आणायचीस. तू बांधावरून येते आहेस, मी धावत समोर जाते, तू मला जवळ घेतेस आणि मला तो वास येतो. मग ती कडक झालेली भाकरी मी कांद्याबरोबर खाते. मला सोमवार फार आवडायचा, आये. आता सांगायला लाज वाटते.

पाचवीत असताना मी घोळ घातला. शाळेला सुट्टी होती, तुझ्यामागे मिठागरात आले होते. मुकादमाने थट्टेत विचारलं, "काय गो, आयेनं आज काय रांधला?" मी शहाणी, म्हणाले, "आज आयेचा उपास हाय, ती पानीबी पीत नाय." त्याने तुला तिथूनच परत पाठवलं. सगळ्या बाया बघत होत्या. तू मला हाताला धरून घरी आणलंस. मला वाटलं मारशील, पण तू हंड्यावर हात ठेवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माज्या पोटातला तू लोकांना सांगायचा नाय गो. कुनाच्याच पोटातला सांगायचा नाय." मी कानाला खडा लावला. त्यानंतर तुझ्याबद्दल कुणीही विचारलं तरी माझी अळीमिळी गुपचिळी.

परवा मी त्या वेल्डरला पेणच्या दवाखान्यात बघायला गेले. त्याची बायको बाहेर बाकड्यावर बसली होती. ठेकेदार म्हणतो, तो खोटं बोलून वर चढला, आम्ही जबाबदार नाही. कागदही तेच सांगतो, कारण कागदावर माझी खूण आहे. तिने साधंच विचारलं, "तुमीच तपासलं व्हतं ना त्यांना? तुमाला काय जानवलं नाय?" चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं तिला सगळं ठाऊक आहे. मी म्हणाले, "रक्तदाब बरोबर होता." ती मान हलवून म्हणाली, "मंग त्यांचंच चुकलं." मी तिथून उठले आणि रिक्षात बसल्यावर रडले. उद्या मी 'मला कळलं होतं' असं लिहिलं तर त्याच्या दवाखान्याचा खर्च कंपनीला आणि ठेकेदाराला टाळता येणार नाही. माझी नोकरी मात्र जाईल, आणि निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. नाही लिहिलं तर सगळं त्याच्या मोडक्या हातावर. तीन दिवस मी हेच उलटसुलट करते आहे, आणि प्रत्येक वेळी शेवटी तुझ्यावरच येऊन थांबते. तूच शिकवलंस, मी काय करू?

पण एवढं लिहून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचलं, आणि त्यात एक वाक्य खोटं आहे. तुझे शब्द माझ्या कानात वाजले, असं मी लिहिलंय. नव्हते वाजले. तू मला आठवलीस ती ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर गेल्यावर. तू गेल्यावर तुझा सोमवार मी धरला, तुझ्यासारखाच, पाण्याशिवाय, आणि कंपनीत आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. त्या सकाळी माझंही डोकं धरलं होतं. दाराबाहेर अजून नऊ जण उभे होते. त्याला परत पाठवायचं म्हणजे सुपरवायझरला फोन, दुसरा कागद, हुज्जत. सही करणं सोपं होतं. मला दया आली नव्हती, आये. मला भूक लागली होती आणि जरा बसायचं होतं.