धाकट्याने बाळसं धरलं

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (तुझ्याशी खोटं कशाला बोलू, साष्टांग आता जमत नाही. आठ अंगांपैकी पोट तेवढं वेळेआधी जमिनीला टेकतं आणि मग बाकीच्या सात जणांना खाली येऊ देत नाही. तेव्हा नमस्कार एकांग समजून घे, आशीर्वाद मात्र आठही अंगांना दे.)

तुझे गुडघे कसे आहेत? माझे जागच्या जागी आहेत, पण जिना चढताना एकमेकांशी बोलतात, आणि माझ्याविषयी बरं बोलत नसावेत. तुझी सूनबाई ठीक आहे. डोळ्यांखाली जरा काळं झालंय, पण ती म्हणते ते उजेडामुळे दिसतं. तुझं पत्र पोचलं. ‘पोट कापून कुणी बारीक झालंय का, मन मारायला शिक’ हे वाक्य तू इतक्या जोरात अधोरेखित केलंस की तिथे कागद फाटलाय. फटीतून पलीकडचा, तुझ्या खोकल्याचा मजकूर दिसत होता. औषध वेळेवर घेत जा.

मन मारायला मी तयार आहे, आत्या. मनाने काही केलेलं नाही, तरी इतकी वर्षं मार त्यालाच पडतोय. तुझा एकही उपाय मी टाकला नाही हे तुलाही ठाऊक आहे. घास बत्तीस वेळा चावायचा उपाय तूच सांगितला होतास. मी चावत बसलो. घरातली बाकीची माणसं जेवून उठली, भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, आणि सूनबाईने टेबल पुसताना माझ्या ताटाभोवतून फडकं फिरवलं, तेव्हा मी अजून पहिल्या वाटीशीच होतो. मग पहाटे चालण्याचा उपाय. चालण्याला माझी ना नाही, पण आमच्या रस्त्याच्या टोकाला बेकरी आहे आणि पहाटे तिथे भट्टीतून पहिले पाव निघतात. (तो वास माणसाला हाताला धरून आत नेतो. मी विरोध केला, पण वास जुना ओळखीचा होता.) तरी दर उपायाला वजन थोडं उतरायचंच. फक्त ते कधी एकटं परत आलं नाही. येताना चार पाहुणे घेऊन आलं आणि पाहुणे कायमचे राहिले.

हे पत्र मी कामावरून लिहितोय, म्हणजे आडवा पडून. तू आमचा कारखाना पाहिलेला नाहीस म्हणून सांगतो. गादी तयार झाली की ती शिवणखात्यातून माझ्या खोलीत येते. खोली लांबट आहे, खिडकी उंचावर, तिच्यातून उन्हाचा एक पट्टा येतो आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत असतात, खाली यायची घाई नसल्यासारखे. मी गादीवर पडतो. आधी उताणा, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. मग उठून बाजूला उभा राहतो आणि माझ्या आकाराचा खड्डा भरून येतो का ते बघतो. भरून आला तर कोपऱ्यावर खडूने बरोबरची खूण, नाही आला तर फुली. मालक (म्हणजे सूनबाईचा थोरला भाऊ, कारखान्यात मालक, घरी मेहुणा) गिऱ्हाइकाला सांगतात, की आमच्या जावयाला जी गादी सोसते ती कुणालाही सोसेल. आत्या, बाकी जगात माझं वजन म्हणजे अडचण. हातांच्या खुर्च्या मला सोडत नाहीत, बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते, आणि शिंपी माप घेताना टेपच्या टोकाला टेप जोडतो. या खोलीत मात्र माझ्या वजनाला मान आहे. मी पडतो तेव्हा सगळे अदबीने दार ओढून घेतात.

(मध्येच डोळा लागला. गादी चांगली निघाली की असं होतं. नेहमीचंच स्वप्न होतं: मी गादीवरून हळूहळू वर उचलला जातोय, त्या तंतूंबरोबर, उन्हाच्या पट्ट्यातून. वर छताशी एक खुर्ची आहे. मी तिच्यात बसतो आणि पायावर पाय टाकतो. एवढंच. मग खाली वाकून बघतो तर गादीवरचा खड्डा भरून येतोय, आणि मला वाटतं, चला, पास. जागा झालो तेव्हा पेन गादीवर गळलं होतं. डाग खालच्या बाजूला करून ठेवतो.)

तर ऑपरेशनचा विषय. साखर वाढली म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. बाई एवढीशी आहे. माझ्या एका बाहीत सगळी मावेल. तिने कागदावर पोटाची पिशवी काढली, तिचा मोठा भाग खोडून टाकला आणि उरली ती अरुंद नळी मला दाखवली. मी म्हटलं, समजलं, खोळ अरुंद शिवली की कापूस कमी बसणार. ती खूश झाली. मग म्हणाली की एवढंच नाही, काढलेल्या भागाबरोबर भुकेची हाकही बरीच मंदावते. पण ही जादू नव्हे, पुढे जन्मभर थोडं थोडं खायचं, जन्मभर गोळ्या घ्यायच्या, तपासण्या चुकवायच्या नाहीत. धोकेही तिने एकेक करून सांगितले, काही झाकलं नाही. मी तुझं वाक्य तिच्यापुढे ठेवलं, मन मारण्याचं. ती म्हणाली, हा तुमच्या मनाचा दोष नाही, हा आजार आहे. वजन उतरलं की शरीर घाबरून भूक वाढवतं आणि गेलेलं परत आणतं. आत्या, लोकांनी मला आजवर खूप काही दिलं, सल्ले दिले, टोपणनावं दिली, मागची सीट दिली. दोष नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. बाईने रुमाल पुढे केला, पण तो माझ्या चेहऱ्याला पुरला नाही.

पुढे तिने झोपेची तपासणी सांगितली. झोपेची, आणि माझी! मी म्हटलं, बाई, गावाची झोप मी पास करतो. माझी झोप दिवसाची असल्यामुळे तपासणीही दुपारीच ठरली. अंगाला तारा लावल्या, नाकाला नळी लावली, पडदे ओढले आणि नर्स म्हणाली, झोपा. मी पडलो आणि पडल्या पडल्या लक्षात आलं, की गादी डाव्या कमरेशी खचते. आता ही काय गप्प बसायची गोष्ट आहे? मी तारांसकट उठलो, गादीभोवती फिरलो, गुडघ्याने दाबून पाहिली. कुठेतरी यंत्र ओरडायला लागलं. नर्स धावत आली, तिच्यामागे दोघं आले, आणि मी खिशातला खडू काढून कोपऱ्यावर फुली मारत होतो. (खडू मी कायम जवळ बाळगतो, तू रुमाल बाळगतेस तसा.) फुली मारायला चादर वर केली तर खाली आमच्याच कारखान्याची पट्टी, आणि तिच्याशेजारी खडूची पुसट खूण. बरोबरची. माझ्याच हाताची.

नर्सने हाताला धरून परत निजवलं. अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलली, म्हणून मला भीती वाटली. ती म्हणाली, झोपेत तुमचा श्वास थांबतो. पुनःपुन्हा थांबतो. तुम्ही ज्याला झोप म्हणता ती झोप नाहीच. तुम्ही कित्येक वर्षांत नीट झोपलेला नाहीत, आणि हे असंच चालू दिलं तर एखाद्या दिवशी तो थांबलेला श्वास परत सुरू होणार नाही. म्हणजे बघ आत्या, सगळ्यांच्या झोपेवर बरोबरची खूण करत हिंडणारा मी, आणि माझ्याच झोपेवर फुली. ती डावीकडे खचलेली गादीही मी बहुधा असाच गुंगीत पास केली असणार. मालकांना मी हे अजून सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

ऑपरेशन करायचं तरी आधी थोडं उतरवून या, असं बाईने सांगितलं. त्यामुळे गेले काही महिने सूनबाई मला पातळ सूप देते, आणि ते इतकं पातळ असतं की त्यात माझा चेहरा दिसतो. (चेहरा थोडा उतरलाय.) वजन खरंच उतरायला लागलं, आणि कारखान्यात भलताच घोळ झाला. सगळ्या गाद्या पास व्हायला लागल्या. शिवणखात्यात आनंदीआनंद. शेवटी मालक स्वतः एका पास झालेल्या गादीवर बसले आणि आत रुतले, तेव्हा दोष गादीत नसून जावयात आहे हे उघड झालं. मालकांनी डोकं चालवलं: जेवढं माझं उतरेल तेवढी वाळू एका जाड कापडी पिशवीत भरायची, आणि मी गादीवर पडलो की ती माझ्या पोटावर ठेवायची. म्हणजे माप तेच राहिलं. दर आठवड्याला मला काट्यावर उभं करतात आणि पिशवीत वाळू ओततात. शिवणखात्याने तिला ‘धाकटा’ असं नाव ठेवलंय. मी सुकत चाललोय आणि धाकट्याने बाळसं धरलंय. येता-जाता लोक आधी त्याच्या पाठीवर थोपटतात, मग माझी चौकशी करतात.

(पुन्हा डोळा लागला. या वेळी वर जाता आलं नाही, धाकटा पोटावर होता. छताशी खुर्ची रिकामी होती.)

आता तू म्हणशील, एवढं उतरलंय तर उरलेलंही सुपावर उतरेल, पोट कशाला कापायचं. मलाही तेच वाटत होतं. तुझ्याशी भांडायला नको आणि ऑपरेशनही नको, दोन्ही टळत होतं. पण परवा काम संपल्यावर धाकट्याला पोटावरून बाजूला लोटलं, तो धपकन जमिनीवर पडला, आणि मी उभा राहिलो. अंग हलकं वाटलं. म्हटलं, याला उचलून जागेवर ठेवू. वाकलो, दोन्ही हात घातले आणि उचलला. तो गुडघ्यापर्यंत आला आणि माझा श्वास संपला. मला तिथेच जमिनीवर त्याच्याशेजारी बसावं लागलं. शिवणखात्यातल्या दोघांनी येऊन त्याला उचललं आणि मग मला. आत्या, हा धाकटा मी इतकी वर्षं अंगावर घेऊन जिने चढलोय, तुझ्याकडे आलोय, झोपलोय. आणि बाई म्हणते, आत असे आणखी तिघे-चौघे आहेत. एकटा हा परत आला तरी मला झेपणार नाही, आणि तुझ्या-माझ्या सगळ्या उपायांनंतर तो परत आलेलाच आहे.

तरीही मी काही ठरवलेलं नाही. तू लहानपणापासून वाढवलंस, तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. (वाढवलंस हे नुसतं सांगतोय, टोमणा नव्हे.) तू नको म्हणालीस तर नको. सावकाश विचार कर, खोकला बरा होऊ दे, मग कळव. घाई अजिबात नाही.

तुझा,
बाळ

ता. क. घाई नाही असं लिहिलं ते तुला दचकवायला नको म्हणून. ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. सही करून दिलीय. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा नको म्हणणारं उत्तर इथे पोचायला वेळ उरलेला नसेल, तेव्हा हो म्हण.

ता. क. २. मालकांना माझ्या नोकरीविषयी विचारलं. ते म्हणाले, धाकटा कायम झाला, त्याला झोपवायला माणूस लागेलच. म्हणजे नोकरी शाबूत आहे, पण हुद्दा उतरला.

ता. क. ३. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते आता लिहितो. घरी आलोय, खुर्चीत बसलोय, सूनबाई आत आहे. मला तपासणीनंतर कळलं, की माझा श्वास थांबतो हे तिला कधीपासूनच माहीत होतं. ती शेजारी जागी असते, आणि थांबला की कोपराने ढोसते. मी समजत होतो, तिला झोपेत हात उडवायची सवय आहे. रात्री श्वास चालू ठेवायला बाईने नाकाला लावायचं यंत्र दिलंय म्हटलं तरी तिचा त्यावर विश्वास नाही. गावभर गाद्या पोचवल्या आम्ही आणि घरातलं माणूस जागं. तिच्यासाठी एक गादी मी बाजूला काढून ठेवलीय, आजवरची सगळ्यात चांगली. तिच्यावर तीनदा पडलो, तिन्ही वेळा खड्डा भरून आला. तू ये, आत्या. ऑपरेशनसाठी नाही, ते बाई करील. दवाखान्यात रात्री तू माझ्याशेजारी बस आणि तिला घरी त्या गादीवर पाठव. तुझं कोपर टोकदार आहे, लहानपणापासून मला आठवतंय, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती मी हे काम देणार ना

ती. आत्या, सा. न.

वरचं लिहिता लिहिता हे खुर्चीतच झोपले, म्हणून पुढचं मी लिहिते. सगळं वाचलं. तुम्ही नक्की या, तुम्ही आलात की यांना धीर येईल. घाबरलेत, पण तुम्हाला कळवणार नाहीत. फक्त मला घरी पाठवायचं तेवढं मनात आणू नका. गादी चांगली असेल, पण यांचा श्वास कानावर आला नाही तर मला तिच्यावर झोप लागायची नाही. आपण दोघी बसू, आळीपाळीने. खोकल्याचं औषध सोबत आणा.

थांबते जरा. मघापासून घोरणं ऐकू येत नाही.

ढोसलं. घेतला श्वास.