तिसऱ्या जन्माचे दात

प्रिय चिंगे,

तक्रार अशी की, या घरातल्या बेसिनवर माझा आता काडीचाही हक्क उरलेला नाही. वर्गावर जायच्या घाईत तोंडाला फेस फासून मी पॅसेजमध्ये उभा, आणि आत आपल्या तीर्थरूपांचं दन्तधावन चालू. दार वाजवलं तर आतून उत्तर, "थांब रे, तुझे फुकटचे आहेत!" संस्कृतात दाताला द्विज म्हणतात, तो दोनदा जन्मतो म्हणून. बाबांच्या या तिसऱ्या जन्माला कोशात शब्दच नाही, मग माझ्या हक्काला शास्त्राधार तरी कुठून आणू?

चेष्टा पुरे. माणूस थोर आहे. इम्प्लांट बसवून वर्ष होत आलं, पण निगा अशी की बघत राहावं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला हात. दातांच्या फटीत फिरवायचा बारीक ब्रश चिमट्यासारखा धरतात. डोळ्याला दुकानातलं जुनं भिंग लावून हातातल्या आरशात हिरडी तपासतात. हाडात स्क्रू आणि त्यावर दात, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा समजावलं तेव्हा म्हणाले होते, "म्हणजे आपलाच धंदा की हो!" परवा तपासणीला गेलो, तर बाई म्हणाल्या, "काका, बाकीच्या पेशंटांची शिकवणी घ्या आता."

तुझं बिंगही फुटलंय बरं का. पैसे कंपनीच्या विम्यातून आले असं तू सांगितलंस, मीही गंभीरपणे मान डोलावली. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदा सफरचंद चावता चावता सहज म्हणाले, "पोरीनं घरासाठी साठवलेलं माझ्या तोंडात घातलं. तिच्या घराचं दार आहे हे. पुसून ठेवायला नको?" तुला तोंडावर कधी म्हणालो नाही: मी थोरला, पण हे मला सुचलंही नव्हतं.

दुकानातली त्यांची रीत आठवते? झालेलं घड्याळ डावीकडे, पालथं. पालथ्याला पुन्हा हात लावायचा नाही. आपण गंमत म्हणून एखादं सुलटं केलं की केवढे भडकायचे! ब्रशाचंही तेच. काम झालं की डावीकडे, पालथा.

काल सुट्टी होती, म्हणून दिवसभर घरी होतो. जेवण झालं, त्यांनी दात घासले, ब्रश पालथा ठेवला, खुर्चीत येऊन बसले. थोड्या वेळानं उठले. "अरे, दात राहिलेच की!" पालथा ब्रश उचलला आणि तितक्याच निगुतीनं सगळं पहिल्यापासून. मग पुन्हा. नंतर मला मोजवेना. "बाबा, झालंय," म्हणालो, तर त्यांनी असं पाहिलं, जणू घड्याळ मीच सुलटं केलंय.

दात उत्तम आहेत, चिंगे. ज्या शिस्तीचं मी इतके महिने सगळ्यांना कौतुक सांगत सुटलो, ती सगळीच शिस्त नव्हती. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मेंदूच्या. रजा मिळाली तर ये. दात घासल्याचं ते विसरतात. दात कुणी दिले, हे अजून विसरलेले नाहीत. तेही जाईल की काय, याची मला भीती वाटते. एकट्यानं ते बघायचं धाडस माझ्यात नाही.

तुझाच,
बेसिनवंचित दादा