नख नसलेलं बोट

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा लेकीनं विचारलं, आजी कशी होती? मी तुझीच शिदोरी सोडली: पुस्तकं बांधायची, गुणगुणायची, मला कागदी होड्या करून द्यायची. त्यावर बाईसाहेब मलाच विचारतात, हे तुम्हाला आठवतं की आत्यानं सांगितलं?

ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आठवणीवर खरी-खोटी असा शिक्का नसतो. वास, स्पर्श, बारकावे किती यावरून मेंदू अंदाज बांधतो. ऐकीव गोष्टीतही तो रंग भरतो. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. मग माझी स्वतःची अशी आई नाहीच का?

एकच आठवण आहे. तू शाळेत असायचीस. आईच्या बोटांवर वाळलेली पुस्तकं चिकटवायची खळ मी सोलायचो, आंबूस वास यायचा. एका बोटाला नख नव्हतं, ते ती सोलू द्यायची नाही. पण फोटोत सगळी नखं आहेत, तेव्हा तीही माझीच भर असेल. खरं सांग. तू दिलेल्या आईवर मी वाढलो, ते उपकार फिटायचे नाहीत.

लोभ आहेच, उत्तर लवकर धाड.
तुझा ढब्बू

११ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

होड्या मी रचल्या. गुणगुणणंही. तू आईसाठी रडायचास आणि मी अकरा वर्षांची, सुचेल ते सांगायचे.

बोटाचं मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. शेवटच्या वर्षी आई पुस्तक दाबयंत्रात सरळ करत होती, मी आगाऊपणानं त्याचा दांडा फिरवला. तिचं बोट आत सापडलं, नख गेलं. तिनं सगळ्यांना सांगितलं, चूक तिची स्वतःचीच. नंतर तिचा फोटो निघालाच नाही, आणि ती गेल्यावर त्या नखाचा विषय कुणी काढला नाही. म्हणजे ते बोट तू स्वतः पाहिलंस. ती आई तुझीच.

इतक्या वर्षांनी मन हलकं झालं रे. ती माझ्यावर रागावलेली असायची का?

तुझ्या लेकीला माझा पापा.
ताई

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नव्हती, असं लिहून मोकळा झालो असतो, पण तुला रचलेलं द्यायचं नाही. आठवतं एवढंच: मी त्या बोटावर फुंकर घालायचो, आणि ती म्हणायची, "आता ताई आली की तिलाही घाल. तिला जास्त दुखतंय."

मी घालायचो का?

माया आहे तशीच राहू दे.
ढब्बू

२६ जून

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

घालायचास. दप्तर ठेवायच्या आत, मानेवर. मला वाटायचं खोड्या काढतोस, म्हणून मी तुला ढकलायचे.

ताई