अर्धी पुसलेली ओळ

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. आठांपैकी उजवा हात हल्ली कामावर येत नाही, तेव्हा उरलेल्या सात अंगांवर भागवून घे. अक्षर बघून तू चपापली असशील. अक्षर हिचं आहे, मजकूर माझा. मध्येच कंस दिसले तर ते मात्र सगळे हिचे; नुसतं लिहून घे, पदरचं काही घालू नकोस, असं मी हिला बजावून ठेवलंय. (वन्सं, नमस्कार. बजावलंय खरं.) भावोजींचा गुडघा कसा आहे? तुझी शुगर? रोज चालायला जातेस ना, की फाटकापर्यंत जाऊन शेजारणीशी गप्पा मारून परत येतेस? इकडे आम्ही मजेत आहोत. (नाही आहोत.)

तर हाताचं असं झालं. काही महिन्यांपासून बोटांना मुंग्या येत होत्या. पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या बोटांना मुंग्या यायच्याच, म्हणून मी कानाडोळा केला. मग ब्रश हातातून आपोआप सुटायला लागला. एका चपलांच्या दुकानाची पाटी केली, तिच्यातली अक्षरं शेवटी शेवटी अशी खाली कलत गेली की मालक खूश होऊन म्हणाला, वा, काहीतरी नवीन फॅशन दिसतेय. मी हो म्हटलं. (घरी येऊन जेवले नाहीत.) पुढे शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा हिने मला धरून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मानेचा एमआरआय करायला लावला. मानेतली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आलाय, ऑपरेशन लागेल, ते न्यूरोसर्जनच करेल, आणि उशीर झाला तर गेलेला हात परत येईलच असं नाही, हे सगळं त्यांनी चहा घेणार का विचारावं इतक्या गोडीत सांगितलं. ताई, तुला माहीत आहे, मला दुसरं काही येत नाही. दुकानाला नुसत्या चार भिंती आहेत, बाकी दुकान म्हणजे हा हातच.

सरकारी विम्याचं कार्ड आहे ना आपल्याकडे, मग काळजी कसली, असं हिला ऐटीत सांगून मी फोन लावायला बसलो. पहिल्या ठिकाणची मुलगी इतक्या लाघवीपणे बोलली की मला तेवढ्यानेच बरं वाटायला लागलं. सरकारी विमा म्हटल्यावर तिने फोन संगीताला जोडून दिला. ते संगीत मी पूर्ण ऐकलं. दुसरीकडे विमा चालत होता, पण फक्त तपासणीला. ऑपरेशनचं आपलं आपण बघायचं. म्हणजे हात जाणार हे फुकटात कळणार. तिसरे डॉक्टर विमा घेत होते, पण ते निघाले गुडघ्यांचे. (भावोजींसाठी नंबर मी जपून ठेवलाय.) चौथ्या ठिकाणी विमाही जुळला, डॉक्टरही जुळले, पण तारीख मिळाली पुढच्या वर्षीची. तोवर हात जरा धरून ठेवा, असं तिथला माणूस म्हणाला. कोणत्या हाताने, ते त्याने सांगितलं नाही. एवढं होऊनही मी डोकं शांत ठेवलं होतं. (मी काही विचारलं की हे उठून कपाट आवरायला घ्यायचे. कपाट आता फार सुरेख आवरलेलं आहे.)

शेवटी हीच म्हणाली, शहरातल्या निम्म्या दवाखान्यांच्या पाट्या तुमच्या हातच्या; कुणाच्या पाटीवर विमा चालतो असं लिहिल्याचं आठवत नाही का? आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोस्टाच्या मागच्या रस्त्याला एका न्यूरोसर्जनचा दवाखाना आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीवर 'सरकारी विमा येथे स्वीकारला जातो' ही ओळ मीच काढली होती, हिरव्या रंगात, कारण निळा संपला होता. पाटीवाल्याची एक खोड असते, स्वतःच्या हातचं अक्षर दिसलं की ते त्याला खरंच वाटतं. फाइल घेऊन आम्ही पहिल्या बसने निघालो. ओळ जागेवर होती, रंगाचा टवकाही उडाला नव्हता. मला भरूनच आलं.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, विमा आमच्याकडे कधीच बंद झालाय. ती ओळ वाचून रोज कुणी ना कुणी येतं आणि आमच्याशी हुज्जत घालतं. ज्याने रंगवली तो एकदा भेटायलाच हवा. मी म्हटलं, मीच तो. (इथे मी ह्यांचा शर्ट ओढला होता.) बाईंचा चेहरा असा काही खुलला की विचारू नकोस. आतून शिडी, पांढरा रंग आणि ब्रश लगेच हजर झाला. आलाच आहात तर पुसून द्या, म्हणाल्या. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं ते मला कळतं गं, पण भिंतीवर खोटा मजकूर तसाच सोडून घरी जायचं माझ्याच्याने होईना, तेही माझ्या अक्षरात. मी चढलो. (शिडी मी धरली. आलो विमा शोधायला आणि तोच पुसत बसलो.) 'सरकारी विमा' एवढं पुसून झालं आणि हाताने दगा दिला. ब्रश सुटला तो थेट खालच्या काळ्या गाडीच्या टपावर. गाडी कुणाची ते तू ओळखलं असशीलच.

डॉक्टर बाहेर आले ते तोंड सोडायच्याच तयारीने, पण माझ्या हाताकडे बघून थबकले. मला खाली उतरवलं, बोटं घट्ट मिटायला लावली, फुटपाथवर एका रेषेत चालायला लावलं, त्याच ब्रशच्या दांडीने कोपरावर ठोकून बघितलं. लोक थांबून बघत होते. मला दारू पिऊन पकडलंय असाच बहुतेकांचा समज झाला असणार. हिने फाइल आधीच उघडून धरली होती. त्यांनी एमआरआयची फिल्म उन्हात धरली आणि त्यांचा आवाजच उतरला. म्हणाले, इथे विमा चालत नाही, पण बुधवारी मी सरकारी रुग्णालयात ऑपरेशनं करतो, तिथे चालतो. येता बुधवार भरलाय, त्याच्या पुढच्या बुधवारी करू, आणि तोवर शिडीवर दिसलात तर माझ्याशी गाठ आहे. (डॉक्टर तिथे जातात असं कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही.) हात पूर्वीसारखा होईल का, असं मी विचारलं. आहे तेवढा वाचवू, पुढचं पुढे बघू, म्हणाले. गाडीबद्दल शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, त्यावरून मी काय ते समजलो.

भिंतीवर आता 'येथे स्वीकारला जातो' एवढंच उरलंय. अख्ख्या रस्त्याची पार्सलं कुरियरवाले तिथेच टाकून जातात असं ऐकतो.

तू येण्याच्या भानगडीत पडू नकोस. तुझी शुगर, भावोजींचा गुडघा, त्यात एवढा लांबचा प्रवास. साधं ऑपरेशन आहे आणि मी अजिबात घाबरलेलो नाही. (हे वाक्य सांगून उठले, पाणी प्यायले. मग परत उठून पाणी प्यायले.) भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भावोजींचा पुढून बटणांचा एखादा सैल शर्ट असला तर पोस्टाने पाठव. ऑपरेशननंतर डोक्यातून घालायचे कपडे चालणार नाहीत. बटणं ही लावेल.

आणखी एक ता. क. (हे खाली दुकानात गेलेत म्हणून लिहून घेते.) वन्सं, बटणांचे शर्ट ह्यांच्याकडे ढीगभर आहेत, कपाट मी पाहिलंय. तरी तुमचा शर्ट हवाच, फक्त पोस्टाने नको, तुम्ही घेऊन या. शिडी मी धरीन, पण त्या दिवशी मला कुणीतरी धरायला हवं.

शेवटचा ता. क. ताई, हिने वर काय लिहिलंय ते आत्ता वाचलं. पांढरा रंग घरात आहे, पण पुसत नाही. हे माझ्या हातचं आहे. अक्षर वाकडं आलंय, फॅशन समजू नकोस. ये.