काळ्या मण्याची जागा

सोलापूर, १२ एप्रिल

ती. महेश्वरीअक्कास गुरूचा सा. न. वि. वि.

माझं आयुष्य बदललं ते बुधवारी, शेजारच्या भुवनेश्वरीने त्यांचं वायफायचं यंत्र तव्यासारखं तापतं आणि ऐन क्लासमध्ये बंद पडतं असं सांगितलं त्या क्षणी. बँकेच्या परीक्षेचा तिचा सगळा अभ्यास त्याच्यावर चालतो. तुला काही जमेल का, असं तिने विचारलं. मी जमेल म्हणालो. दीड वर्ष कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, पण सोल्डरची कांडी हातात पहिल्यांदाच धरतोय, हे तिला कशाला सांगू?

युक्ती साधी आहे. थर्मिस्टर नावाचा काळा मणी यंत्राला चिकटवायचा. तो तापला की शेजारचा छोटा पंखा सुरू, निवला की बंद. पहिला ट्रान्झिस्टर जळाला, त्याच्यातच दोष होता. दुसराही सदोष निघाला. तिसरा मात्र पाय फिरवून लावल्यावर सुधारला. वीज माझ्या फोनच्या चार्जरची दिलीय, म्हणून फोन बंद आणि हे पत्र. त्यांच्याकडे एकच प्लग मोकळा होता, देवघराशेजारच्या फळीवर, वायफायच्या यंत्रालगत. पंखा तिथेच बसवला. तिने हात लावून पाहिलं आणि कुठला भाग काय करतो ते सगळं विचारून घेतलं. अक्का, इतक्या प्रेमाने मला कुणी काही विचारलं नव्हतं.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तीही दुरुस्त करून देईन.

तुझा गुरु

*

अक्कलकोट, १७ एप्रिल

चि. गुरूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या हातून काहीतरी चालू झालं हे वाचून मी पत्र ह्यांनाही दाखवलं. ते म्हणाले, आधी आमच्या दाराची कडी दुरुस्त कर म्हणावं. दिवाळीत रुसून निघालास तेव्हा आपटलेल्या दाराची कडी अजून लागत नाही. लॅबचं दार आपटून कॉलेज सोडलंस, तेव्हा तरी कोण चुकलं होतं? सर. तू कधी चुकतोस का बाबा?

आता नीट वाच. भुवीच्या आईचा, दानम्माकाकूंचा फोन होता. रविवारी भुवीला बघायला कलबुर्गीचे लोक येताहेत. त्यांना लग्न मेमध्येच उरकायचंय, परीक्षेचं नंतर बघू म्हणतात. तू तिथे जाऊ नकोस. गेलास तर तोंड उघडू नकोस, आणि काही आपटू तर मुळीच नकोस.

जेवत जा. तुझ्या रागासकट तू आवडतोस, तेवढा लोभ गृहीत धर.

तुझी अक्का

*

सोलापूर, २४ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रविवारी मी गच्चीवरून त्यांच्या खिडकीत बघत होतो. पाहुण्यांसमोर भुवीने समई लावली. थोड्या वेळाने ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा विझली तेव्हा मुलाच्या आईने पर्स उचलली आणि मंडळी चहा तसाच ठेवून निघाली.

संध्याकाळी भुवीच्या वडिलांचं, सिद्धलिंगप्पाकाकांचं बोलावणं आलं. चादरीचे व्यापारी, अपशकुनावर विश्वास नाही, गिऱ्हाईक परत का गेलं एवढंच बघतात. काय बे, तुझ्या खेळण्याने माझ्या घरातला दिवा विझवला की, म्हणाले. माझं डोकं फिरलं. यंत्र निर्दोष आहे, आत्ता दाखवतो, म्हणून मी फळीपाशी स्टुलावर चढलो.

मणी मी वायफायला चिकटवला होता. तो तिथे नव्हता. तार मागून वळवून समईच्या वातीपाशी नेलेली, आणि मणी केसांच्या पिनेने जागेवर धरलेला. ज्योत लागली की मणी तापणार, पंखा फिरणार, ज्योत जाणार. पंख्याचं तोंडही समईकडे. अक्का, माझ्यापेक्षा सफाईचं काम होतं.

खाली भुवी ट्रे घेऊन उभी होती. तिच्या एका बाजूचे केस सुटलेले. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्यात प्रेम नव्हतं, जूनमधली परीक्षा होती.

मी पिन मुठीत घेतली आणि म्हणालो, काका, मणी मीच चुकीच्या जागी लावला. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोललो, त्यामुळे अडखळलो.

काका बरंच बोलले. कॉलेज अर्धवट सोडणाऱ्याच्या हाती वीज देऊ नये, असा त्याचा सारांश. भुवीने बापाची री ओढली, की याने आधी शिक्षण तरी पुरं करावं. तेवढं बोलताना आवाज मात्र मऊ होता, किंवा मला तसा वाटला.

सोमवारी कॉलेजात जाऊन फॉर्मची चौकशी केली. सरांनी आधी दाराकडे बघितलं. तुझा लोभ गृहीत धरलाय, दाजींचा कडी बसवून मिळवेन.

काकांचं बोलणं संपेपर्यंत काकूंनी समई पुन्हा लावली होती. मी चार्जर काढून खिशात टाकला, बाहेर आलो, आणि वारा आत जाऊ नये म्हणून दार हळूच लावून घेतलं.

तुझा गुरु