जाहिरातीपुरतं चालणं

६ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

ताजी बातमी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू पत्राची शेवटची ओळ आधी वाचतेस. बाबांचा गुडघा पुन्हा आखडलाय. हे माझं मत नाही. व्यायामाच्या बाई आज येऊन गेल्या. त्यांनी कोन मोजायची लांब पट्टी गुडघ्याला लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या की ऑपरेशननंतर जे कमावलं होतं, त्यातलं निम्मं या पंधरवड्यात गेलं. त्यांनाही कारण कळेना. बाबा छातीवर हात ठेवून सांगतात की व्यायाम रोज चालू आहे.

मी तुझ्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्याचा विषय काढला. बाई म्हणाल्या, आहे तो एक मजलाच जपून उतरा, तिथे राहायला जायचं सध्या मनातही आणू नका. बाबा येणार नसतील तर आई येणार नाही, आणि ती आली नाही तर तू मार्चपासून चष्म्याच्या दुकानात काचा घासायला बसलीस की गुंडीला कोण बघणार? भावोजी तर पाच-पाच दिवस लांब पल्ल्याच्या गाडीवर. उचलून वर नेऊ का, असं मी विचारून बघितलं. बाबा म्हणाले, मी लिफ्टचा मेकॅनिक आहे, लिफ्टमधलं सामान नाही.

हे फोनवर सांगण्यासारखं होतं, पण आपल्याकडे फोन म्हणजे स्पीकरवर, आणि स्पीकर म्हणजे बाबांच्या मांडीवर. म्हणून पत्र.

एक चांगलीही बातमी आहे. दोन आठवड्यांपूर्वी मी केबल तोडली. दोनशे चॅनेलचे पैसे भरायचे आणि बघायचे तीन, हा आतबट्ट्याचा व्यवहार किती दिवस करायचा? आता टीव्हीला इंटरनेट जोडलंय. खर्च निम्म्यावर आला, आणि बाबांना त्यांची ती जुनी गुप्तहेराची मालिका सापडली. भागामागून भाग, मध्ये एकही जाहिरात नाही! बाबांनी चक्क माझी पाठ थोपटली. औषधाच्या दुकानात मालकाने पगार वाढवला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

गुंडीचा पापा घे. लोभ असावा, आणि पत्राचं उत्तर दुकानाच्या पत्त्यावर असावं.

तुझा,
धाकटा


१२ जानेवारी

ती. आईस,
शि. सा. न.

धाकट्याचं पत्र आलं. तुला न सांगण्याबद्दल त्याने काही म्हटलेलं नाही, म्हणून सांगते.

काल मी पाळणाघर बघून आले. जागा स्वच्छ आहे, बाई गोड बोलतात. पण गुंडीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि माझी कॉलर अशी धरली की शेवटी बटण तुटलं. नाव साजरं केलं लेकीने. बाईंनी फेब्रुवारीअखेरपर्यंत जागा राखून ठेवते म्हटलंय. मी हो म्हटलं आणि जिना चढताना उगाच रडले. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी आत बोलावून पाणी दिलं आणि गुंडीच्या मापाचं झबलंही बेतून टाकलं.

आई, माझं एक काम कर. लिफ्ट बंद पडली की बाबा काय म्हणायचे आठवतं? आधी पाना हातात घेऊ नका, आधी विचारा की काल काय बदललं. तू दिवसभर घरात असतेस. गेल्या महिन्यात होत होतं आणि आता होत नाही, असं काय आहे? क्षुल्लक वाटलं तरी लिही.

आणि ते खरंच व्यायाम करतात का गं?

ह्यांचा नमस्कार. तब्येतीला जप, आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
मोठी


१७ जानेवारी

चि. सौ. मोठीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र डाळीच्या डब्यात ठेवलंय. तिथे तुझे बाबा जात नाहीत.

व्यायामाचं विचारतेस तर ऐक. बाईंनी दिलेला चित्रांचा कागद कपाटाला चिकटवलाय. तुझे बाबा सकाळी त्याच्यासमोर उभे राहून तो नीट वाचतात. झाला व्यायाम. पण हे पहिल्यापासूनच असं आहे बाई, तेव्हा गुडघा सुधारत होताच की! मग आताच त्याला काय झालं?

बदललेलं काही नाही. जेवण तेच, औषध तेच, माझ्याशी वाद तेच. टीव्ही तेवढा बदलला. त्याचं धाकट्याला कौतुक आहे म्हणून मी बोलत नाही, पण माझी पंचाईत झालीय. पूर्वी जाहिराती लागल्या की मी उठून भांडी विसळायची, कपड्यांच्या घड्या घालायची. संध्याकाळ संपेपर्यंत घर आवरलेलं असायचं. आता गुप्तहेर थांबतच नाही, तर मी उठू कधी? खुर्चीवर कपड्यांचा डोंगर झालाय आणि धाकटा त्यातूनच मोजे शोधतो.

तुझ्या बाबांना मात्र सुख लागलंय. तुला माहीत आहे, जाहिरात म्हणजे त्यांच्या डोक्यात तिडीक. तो दात दाखवणारा डॉक्टर पडद्यावर आला की हे काठी घेऊन उठायचे. बडबडत जिना उतरायचे, फाटकाशी जाऊन वॉचमनला सांगायचे की लोकांनी लाज सोडली, आणि परत वर. जेमतेम टेकले की पुढची जाहिरात. परत खाली. वॉचमन बिचारा कंटाळला होता. आता खुर्चीत बसले की जेवायलाच उठतात. घर कसं निवांत झालंय!

तू रडू नकोस. जिन्यात तर मुळीच नको, पाय घसरेल. काहीतरी होईल.

गुंडीला माझी आठवण करून देत राहा. लोभ काय सांगायचा, तो इथून तिथवर आहेच.

तुझी,
आई


२१ जानेवारी

चि. दिवाणजी यांस,
अनेक आशीर्वाद.

बिघाड सापडला. बिघाड तू आहेस.

रागावू नकोस, आईचं पत्र सोबत जोडलंय, ते दोनदा वाच. पहिल्यांदा आईसाठी आणि दुसऱ्यांदा गुडघ्यासाठी. बाबांनी एक दिवसही व्यायाम केलेला नाही. त्यांचा गुडघा बाईंनी नाही, त्या दात दाखवणाऱ्या डॉक्टरने सुधारला. रोज संध्याकाळी रागाच्या भरात ते किती वेळा जिना उतरून चढत होते बघ! तू मोठ्या मायेने तो राग बंद करून टाकलास.

आता हे त्यांना सांगून उपयोग नाही. सांगितलं की ते मुद्दाम बसून राहतील, आपण त्यांना ओळखतो. तेव्हा गुपचूप असं कर. तुमच्या त्या सेवेत जाहिराती दाखवणारा स्वस्तातला प्लॅन असतो, मी मार्चपासून जाणार त्या दुकानातली मुलगी तोच वापरते. तो घे. आणखी पैसे वाचतील, म्हणजे तुला झोपही छान लागेल. बाबा तुला चार शब्द बोलतील. बोलू देत. पाठ थोपटून घेतलीस ना, आता पाठीवर घे.

पाळणाघराची जागा मी अजून सोडलेली नाही, पण पैसेही भरलेले नाहीत. माझा भरवसा तुझ्यावर आहे.

लोभ वाढावा, खर्च घटावा.

तुझी,
ताई


४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे केलं, आईला तेवढं कानात सांगून ठेवलं. पहिल्या संध्याकाळी गुप्तहेर खुन्याच्या दाराशी पोचला आणि साबणाची जाहिरात लागली. बाबा आधी टीव्हीकडे आणि मग माझ्याकडे असे बघत राहिले, जणू खून मीच केलाय. त्यानंतर मला कंजूष, चिक्कू आणि कवडीचुंबक या तिन्ही पदव्या एकामागोमाग मिळाल्या. शेवटची वॉचमनसमोर मिळाली, कारण ते सांगायला ते खाली उतरले होते!

एक अडचण आली. या जाहिराती केबलपेक्षा फार लवकर संपतात. बाबा निम्म्या जिन्यात असतात आणि वर गुप्तहेर सुरू होतो. त्यांनी ओरडून सांगितलं की टीव्ही थांबवा. मी रिमोट शोधतोय, तर आई त्यावर बसलेली. मला डोळ्यांनीच तिने दटावलं. आता बाबा जमेल तितक्या झपाट्याने कठड्याला धरून वर येतात, काय बघायचं राहिलं ते आईला विचारतात, आणि ते कळेपर्यंत पुढची जाहिरात लागते. कपड्यांच्या घड्याही होऊ लागल्यात.

सध्या ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. मीठ हवं असलं तरी म्हणतात, त्या दिवाणजीला विचार, मीठ परवडतं का. हे नाव तू त्यांना कळवलंस का गं?

बाई वीस तारखेला मोजायला येणार. तोवर तू पैसे भरू नकोस.

माया असावी, निदान तुझी तरी.

तुझा,
धाकटा


२१ फेब्रुवारी

चि. सौ. मोठी हीस,
आशीर्वाद.

काल बाई आल्या होत्या. पट्टी दोनदा लावून त्यांनी सांगितलं की गुडघा नीट वाकतो, कठडा धरून तीन मजले चढायला हरकत नाही. मी त्यांना तोंडी बोलण्यावर विश्वास ठेवत नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी लिहून दिलं. पाळणाघराच्या बाईंना नमस्कार सांग आणि जागा सोड.

आता दुसरं. तुम्हा तिघांना वाटतं की बाबांना काही कळत नाही. जाहिराती परतल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कळलं. तुझी आई इतक्या वर्षांत जाहिरात लागल्यावर कधी बसून राहिली नाही, ती रिमोटवर ठाण मांडून बसली, आणि मी थांबवा म्हणून ओरडतोय तरी हलेना. लिफ्ट अडकली तर मोटरला शिव्या घालत नाहीत, बटणावर कोणाचं बोट आहे ते बघतात. काल काय बदललं हे विचारणारी आपल्यात तू एकटीच, म्हणजे बोट तुझंच. शाबास. हे तू माझ्याकडूनच शिकलीस.

धाकट्याला मात्र मला कळलंय हे सांगू नकोस. माझ्या शिव्या तो इतक्या प्रेमाने खातोय की मध्येच थांबलो तर त्याला वाईट वाटेल. इथून निघताना वॉचमनसमोर पाठ थोपटीन, पदवी तिथेच दिली होती.

आम्ही शनिवारी दुपारच्या गाडीने पोचू. मी खालून हाक मारीन. कोणी खाली यायचं नाही, खुर्ची आणायची नाही. आयुष्यभर लोकांना जिने चढावे लागू नयेत म्हणून राबलो, आता तुमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत ते सगळं फेडून टाकतो. दुसऱ्या मजल्यावर शिंपीणबाईंच्या दाराशी एक स्टूल ठेव. मला नको, तुझ्या आईला दम लागतो. तुझ्या टीव्हीवर जाहिराती येतात का ते बघ, येत नसतील तर लावून घे.

मला वेळ लागेल, पण मी येईन. मी दारात पोचेपर्यंत गुंडीला झोपवू नकोस.

तुझे,
बाबा